ऑपरेशन ठरलं, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे: खर्चाचा आणि तारखांचा हिशेब

जतहून पहाटेची गाडी पकडून पेशंट मिरजेला येतो. हर्नियाचं ऑपरेशन, पोट उपाशी, सोबत घरची दोन माणसं, दोघांचाही रोज बुडालेला. भूलतज्ज्ञ फाइल उघडतात आणि विचारतात, "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?" आहे. काल रात्रीही घेतली आहे. लगेच आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी, काढतात, तो २.८ येतो आणि ऑपरेशन पुढच्या आठवड्यावर जातं. गाडीभाडं, बेडचं एका दिवसाचं भाडं, पुन्हा कराव्या लागणाऱ्या तपासण्या आणि बुडालेली मजुरी धरली तर तीन-चार हजार रुपये सहज गेले, आणि ऑपरेशन झालंच नाही. ही कहाणी कुणा एकाची नाही. तारीख ठरली आणि गोळीचं कुणी विचारलंच नाही, की ती अशीच घडते.

याच्या उलट होतं ते जास्त भयंकर. "ऑपरेशन आहे ना, मग आठवडाभर आधीच बंद करू" असं म्हणून घरच्या घरी गोळी थांबवली जाते. ज्या बाईंच्या हृदयात धातूची झडप बसवलेली आहे, त्यांच्या झडपेवर त्या आठवड्यात गुठळी धरू शकते. ती मेंदूत गेली तर अर्धांगवायू. त्याचा हिशेब हजारांत मांडता येत नाही.

म्हणून हा लेख दरांपासून सुरू होत नाही, तारखांपासून होतो. या विषयात औषधाला लागणारा पैसा त्या मानाने थोडा असतो. मोठा पैसा जातो तो चुकलेल्या दिवसांत. आपल्या सांगली-साताऱ्याच्या भागात दिवस चुकण्याचं कारणही उघड आहे. झडप पुण्यात बदललेली, स्टेंट कोल्हापुरात घातलेला, हृदयाचे डॉक्टर कराडात, ऑपरेशन मिरजेत आणि गोळीचा डोस कमी-जास्त करणारे डॉक्टर गावात. पाच ठिकाणच्या पाच फायली, आणि त्या एकत्र पाहणारं कुणीच नाही. ते काम घरातल्या कुणीतरी एकाने अंगावर घ्यायचं.

आधी गोळी ओळखा

"रक्त पातळ करायची गोळी" म्हणून जे घेतलं जातं त्यात दोन वेगळी कुळं आहेत. पहिलं कुळ रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटू देत नाही: इकोस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलोर, प्रासुग्रेल. ही प्रामुख्याने हृदयविकाराचा झटका, स्टेंट, बायपास झालेल्यांना असतात. दुसरं कुळ गुठळी बनवणाऱ्या घटकांवर काम करतं. त्यात जुनी औषधं म्हणजे ॲसिट्रोम आणि वॉरफेरिन, ज्यांना आयएनआर तपासावा लागतो. आणि नवी म्हणजे रिव्हारोक्सॅबॅन, एपिक्सॅबॅन, डॅबिगॅट्रान, ज्यांना तो लागत नाही. ही झडप बदललेल्यांना, ठोके वेडेवाकडे पडणाऱ्यांना म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनच्या पेशंटला, आणि पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेल्यांना देतात. धातूच्या झडपेला मात्र नव्या गोळ्या चालत नाहीत, तिथे जुनीच हवी.

आता एक सापळा, ज्यात शिकली-सवरलेली माणसंही अडकतात. बाजारात मिळणाऱ्या अनेक गोळ्या मिश्र असतात. इकोस्प्रिन-एव्हीमध्ये ॲस्पिरिनसोबत कोलेस्टेरॉलचं ॲटोरव्हास्टॅटिन असतं. इकोस्प्रिन गोल्डमध्ये या दोन्हींसोबत क्लोपिडोग्रेलही असतं. क्लोपिटॅब-ए किंवा डेप्लॅट-ए म्हणजे क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन एकत्र. सर्जननी सांगितलं, "क्लोपिडोग्रेल पाच दिवस बंद, ॲस्पिरिन चालू ठेवा." घरी येऊन पेशंट गोल्डची कॅप्सूल बंद करतो आणि नकळत तिन्ही औषधं बंद होतात. स्टेंट असलेल्या माणसाचं ॲस्पिरिन असं तुटणं धोक्याचं आहे. उपाय अगदी स्वस्त: त्या पाच-सात दिवसांसाठी साधी इकोस्प्रिन ७५ वेगळी आणि ॲटोरव्हास्टॅटिन वेगळी लिहून घ्या. इकोस्प्रिन ७५ ची १४ गोळ्यांची पट्टी अजूनही दहा रुपयांच्या आत मिळते.

त्यामुळे डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची नावं सांगण्यापेक्षा रिकाम्या पट्ट्याच पिशवीत घालून न्या. सोबत स्टेंटचं किंवा झडपेचं डिस्चार्ज कार्ड न्या, कारण स्टेंट कोणत्या महिन्यात घातला आणि झडप कोणत्या जागची आहे यावरच पुढचं सगळं ठरतं.

किती दिवस आधी?

खालचे आकडे वाचून गोळी स्वतः बंद करायची नाही. डॉक्टर काय सांगत आहेत ते कळावं, आणि सांगायचं राहिलं तर विचारता यावं, एवढ्यासाठी ते दिले आहेत.

वॉरफेरिन साधारण पाच दिवस आधी थांबवतात. ॲसिट्रोमचा असर लवकर ओसरतो, म्हणून ती दोन ते तीन दिवस आधी थांबवली तरी पुरतं. हा फरक मी मुद्दाम ठळक करतो आहे. परदेशी माहितीपत्रकांत आणि मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंत सगळीकडे वॉरफेरिनचे पाच दिवस सांगितलेले असतात, आणि आपल्याकडे बहुतेकांच्या डब्यात ॲसिट्रोम असते. ते पाहून कुणी ॲसिट्रोम पाच दिवस बंद ठेवली, तर दोन दिवस पेशंट विनाकारण उघडा पडतो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आयएनआर काढायचा; तो १.५ च्या खाली असेल तर बहुतेक ऑपरेशनं करता येतात. आदल्या दिवशी ही तपासणी आपल्या तालुक्याच्या लॅबमध्ये केली आणि रिपोर्टचा फोटो रुग्णालयाला पाठवला, तर जतच्या त्या पेशंटसारखी फेरी फुकट जात नाही. २००-४०० रुपयांच्या या तपासणीने अख्खी वारी वाचते.

नव्या गोळ्यांचं गणित सोपं आहे. छोटं किंवा मध्यम ऑपरेशन असेल तर एक दिवस आधी बंद, मोठं आणि रक्तस्रावाचा धोका जास्त असलेलं असेल तर दोन दिवस आधी बंद; ऑपरेशनच्या दिवशी अर्थातच नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पॉझ' या मोठ्या अभ्यासात हेच साधं वेळापत्रक वापरलं होतं आणि ते सुरक्षित ठरलं. मूत्रपिंड अशक्त असेल तर डॅबिगॅट्रान शरीरात रेंगाळतं आणि जास्त दिवस थांबावं लागतं. म्हणून दीड-दोनशे रुपयांची क्रिएटिनिनची तपासणी आधीच करून ठेवा.

पाठीच्या मणक्यात सुई घालून भूल देणार असतील तर हे दिवस आणखी काटेकोर पाळावे लागतात. मणक्यात रक्त साचलं तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. भूलतज्ज्ञ तारखांवर अडून बसतात त्याचं कारण हे आहे. त्यांच्याशी वाद घालू नये.

पोटावर टोचायची इंजेक्शनं: कुणाला लागतात, कुणाला नाही

खर्च इथे खरा वाढतो, म्हणून इथे जरा थांबू.

गोळी बंद आणि ऑपरेशन यांच्या मधल्या दिवसांत पेशंट उघडा राहू नये म्हणून एनॉक्सापॅरिन नावाचं इंजेक्शन पोटाच्या कातडीखाली दिवसातून दोनदा टोचतात. मात्रा साधारण वजनाच्या दर किलोला एक मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला दर वेळी ६० मिलिग्रॅम. एका भरलेल्या सिरिंजची छापील किंमत ढोबळमानाने ४०० ते ६०० रुपये. ऑपरेशनआधी तीन-चार आणि नंतर गोळीचा असर येईपर्यंत आठ-दहा अशी इंजेक्शनं धरली, तर पाच ते आठ हजार रुपये फक्त याला लागतात. घरी टोचायला कुणी नसेल तर नर्सबाईंचे वेगळे. शेवटचं इंजेक्शन ऑपरेशनच्या साधारण २४ तास आधी संपायला हवं. तेही तारीख-वेळ घालून लिहून घ्या.

पण ही इंजेक्शनं सगळ्यांना लागत नाहीत. बराच काळ ठोके वेडेवाकडे असणाऱ्या प्रत्येकाला ती दिली जात. अमेरिकेत-कॅनडात झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ब्रिज' या अभ्यासाने ही सवय मोडली. एट्रियल फिब्रिलेशनसाठी वॉरफेरिन घेणारे १,८८४ पेशंट त्यात होते. निम्म्यांना असं इंजेक्शन दिलं, निम्म्यांना औषध नसलेलं. गुठळीचं प्रमाण इंजेक्शन न घेतलेल्यांत ०.४ टक्के आणि घेतलेल्यांत ०.३ टक्के, म्हणजे फरक जवळपास नाहीच. मोठा रक्तस्राव मात्र इंजेक्शन घेतलेल्यांत ३.२ टक्के आणि न घेतलेल्यांत १.३ टक्के. पाच-आठ हजार खर्चून धोका विकत घेतल्यासारखंच हे झालं. झडप बदललेली नसेल, अलीकडे अर्धांगवायू झाला नसेल आणि आजार फक्त ठोक्यांचा असेल, तर डॉक्टरांना नम्रपणे पण स्पष्ट विचारा: "यांना इंजेक्शनं खरंच लागतील का?" नव्या गोळ्या घेणाऱ्यांना तर ती सहसा लागतच नाहीत, कारण गोळी दोन दिवसांत उतरते आणि परत सुरू केली की काही तासांत चढते.

आता दुसरी बाजू. धातूची झडप, विशेषतः डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप. गेल्या तीन महिन्यांत पायात किंवा फुप्फुसात झालेली गुठळी. नुकताच झालेला अर्धांगवायू. इथे इंजेक्शनांचा प्रश्न हृदयाच्या डॉक्टरांनीच सोडवायचा, आणि त्यांनी लिहिली असतील तर एकही चुकवायचं नाही. पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे. लहानपणीच्या सांधेदुखीच्या तापाने झडप खराब झालेल्या कितीतरी स्त्रिया आपल्याकडच्या गावांत आहेत. अनेकींच्या छातीत तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने घडवलेली 'चित्रा' झडप आहे, जी १९९० पासून बसवली जाते आणि परदेशी झडपेपेक्षा खूप स्वस्त पडते. झडप स्वस्त असली तरी ॲसिट्रोम जन्मभराची असते. या बायकांनी गर्भपिशवीच्या किंवा पित्ताशयाच्या ऑपरेशनआधी हृदयाच्या डॉक्टरांची लेखी चिठ्ठी घेतल्याशिवाय ॲडमिट होऊ नये, असं माझं ठाम म्हणणं आहे. मूत्रपिंड फार अशक्त असेल तर एनॉक्सापॅरिनऐवजी साधं हेपॅरिन सलाइनमधून देतात. ते औषध स्वस्त आहे, पण त्यासाठी दोन-तीन दिवस आधी ॲडमिट व्हावं लागतं, म्हणजे खर्च बेडच्या बाजूने येतो.

दोन पेशंटचा हिशेब शेजारी ठेवून पाहा. समजा, धातूची झडप असलेल्या साठ किलोच्या काकू. आयएनआर चार वेळा, आठशे ते सोळाशे. इंजेक्शनं पाच ते आठ हजार. हृदयाचे डॉक्टर आणि फिजिशियन यांची फी मिळून हजार ते दोन हजार. टू-डी एको मागितला तर आणखी दीड-अडीच हजार. म्हणजे एको धरून, ऑपरेशनचं बिल सोडून, साधारण सव्वाआठ ते चौदा हजार. आणि समजा, एपिक्सॅबॅन घेणारे, ठोक्यांचा आजार असलेले चौऱ्याहत्तर वर्षांचे आजोबा. एक क्रिएटिनिन, एक फिजिशियनची भेट, दोन दिवस गोळी बंद. हजार-दीड हजारात काम होतं. (सगळे दर ढोबळ आहेत, लॅब, कंपनी आणि गावानुसार खाली-वर होतात.)

स्टेंट असेल तर आधी कॅलेंडर

स्टेंट घातल्यावर पहिले महिने सगळ्यात नाजूक. औषध लावलेला स्टेंट असेल तर टाळता येण्यासारखं ऑपरेशन सहा महिने पुढे ढकलावं; झटका येऊन स्टेंट घातला असेल तर शक्यतो वर्षभर. हर्निया, गुडघा, लहान मूळव्याध ही थांबू शकतात. कॅन्सर थांबू शकत नाही, तिथे सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर यांनी एकमेकांशी फोनवर बोलूनच ठरवायला हवं. तो फोन व्हावा असा आग्रह नातेवाइकांनी धरावा. क्लोपिडोग्रेल साधारण पाच दिवस, टिकाग्रेलोर तीन ते पाच, प्रासुग्रेल सात दिवस आधी थांबवतात. ॲस्पिरिन बहुतेक वेळा चालूच ठेवतात. मेंदू, मणका अशा थोड्या ऑपरेशनांत वेगळा निर्णय होतो.

फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली आणि तेव्हा औषधी स्टेंट तीस हजारांच्या आत आला. पण तो स्टेंट बंद पडला तर पुन्हा अँजिओप्लास्टी, आयसीयू आणि कदाचित जीव. पाच महिन्यांच्या स्टेंटवर घाईने हर्निया करून घेणं परवडत नाही.

जिथे गोळी बंद करायचीच नाही

दात काढणं आणि मोतीबिंदू. एक-दोन दात काढायचे असतील आणि आयएनआर ठरलेल्या पातळीत असेल, तर ॲसिट्रोम बंद न करता दात काढता येतो. दंतवैद्य टाका घालतात, कापूस दाबून धरायला देतात, ट्रानेक्झॅमिक ॲसिडची चूळ देतात. खर्च दोन-तीनशेने वाढतो एवढंच. डोळ्यात थेंब टाकून होणाऱ्या मोतीबिंदूला तर गोळी अडवतच नाही. डोळ्याभोवती सुईने भूल देणार असतील तर आयएनआर दाखवा. "गोळी बंद करून या, मग दात काढू" असं सांगितलं गेलं, तर गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाळू नका. नुसत्या तपासणीसाठी पोटात दुर्बीण घालायची असेल तरी सहसा बंद करावी लागत नाही.

योजनेत काय बसतं

सांगली आणि सातारा या आपल्या दोन जिल्ह्यांत रुग्णालयांची उणीव नाही. मिरजेत वॉनलेस रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झालं, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ मध्ये. सांगलीत पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, कराडला कृष्णा रुग्णालय आणि वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय, साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयं त्यात येतात. वैद्यकीय शिक्षण विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे मिरज-सांगलीच्या शासकीय रुग्णालयांत, ठरावीक सरकारी शुल्क असतं, तेही खासगीच्या मानाने किरकोळ.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता शिधापत्रिका कोणत्याही रंगाची असली तरी कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. सत्तरीपुढच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न पाहता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. सीमाभागातल्या ८६५ गावांना फुले योजना लागू करण्याचा निर्णय राज्याने २०२३ मध्ये घेतला. तुमचं गाव यादीत आहे का ते रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या आरोग्यमित्राला विचारा. योजनेची मदतवाहिनी १५५३८८.

आता गोळीच्या संदर्भात महत्त्वाचं. योजनेचं पॅकेज रुग्णालयात नोंदणीपासून डिस्चार्जपर्यंत आणि त्यानंतरचे दहा दिवस एवढं असतं. तपासण्या, औषधं, लागलं तर रक्त, डिस्चार्जनंतर एकदा घरी जाण्याचं एसटीभाडं, सगळं त्यात धरलेलं असतं. गावात महिनोन्‌महिने घेतली जाणारी ॲसिट्रोम आणि तिचे आयएनआर त्यात नाहीत. म्हणून ऑपरेशननंतरचा पहिला आयएनआर, आणि जमला तर दुसराही, त्या दहा दिवसांच्या आतच त्याच रुग्णालयात करून घ्या. डिस्चार्जच्या वेळी इंजेक्शनं "बाहेरून आणा" म्हटलं, तर ती दहा दिवसांत येतात का, हे आरोग्यमित्रासमोर विचारा.

खासगी विमा असेल तर बहुतेक पॉलिसींत ॲडमिट होण्याआधीचे ३० दिवस आणि डिस्चार्जनंतरचे ६० दिवस यांचा खर्च मिळतो. लॅबची पावती, इंजेक्शनचं बिल आणि त्यासोबत डॉक्टरांची चिठ्ठी, तिन्ही लागतात. चिठ्ठी नसलेलं बिल परत येतं.

औषधं रुग्णालयाच्याच मेडिकलमधून घेतली पाहिजेत असं बंधन नाही. २०२१ च्या राज्याच्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी लावायचं असतं. एनॉक्सापॅरिनच्या एकाच मात्रेला कंपन्यांनुसार छापील किमतीत बराच फरक असतो, तेव्हा दोन ठिकाणी विचारा, आणि सीलबंद सिरिंज उरल्या तर परत घेणार का, हेही आधीच बोलून ठेवा. क्लोपिडोग्रेलसारखी रोजची औषधं जनऔषधी केंद्रात बरीच स्वस्त पडतात. रिव्हारोक्सॅबॅन, एपिक्सॅबॅनची पेटंट संपल्यावर भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि भाव पडले. पूर्वी "परवडत नाही" म्हणून ॲसिट्रोमवर राहिलेल्या, झडपेचा आजार नसलेल्या पेशंटने आता डॉक्टरांना पुन्हा विचारायला हरकत नाही. झडप आकसलेली असेल तर मात्र आहे ती ॲसिट्रोमच ठेवा. अशा पेशंटमध्ये जुनी गोळीच सरस ठरल्याचं २०२२ च्या 'इन्व्हिक्टस' अभ्यासात दिसलं, आणि त्यात भारतातलेही पेशंट होते.

आजी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं

तारीख ठरवायला वेळच नसतो तेव्हा काय? ॲसिट्रोमवर असलेल्या आजींचा खुबा मोडला तर व्हिटॅमिन के चं इंजेक्शन देतात. ते स्वस्त असतं आणि काही तासांत आयएनआर उतरवायला लागतं. घाईच असेल तर रक्तपेढीतून ताजा गोठवलेला प्लाझ्मा, साठ किलोला तीन-चार पिशव्या. प्रत्येक पिशवीचं ठरावीक शुल्क ३००-४०० रुपये. तिसरा पर्याय म्हणजे गोठण-घटकांची तयार बाटली. ती हजारोंत जाते आणि जीव धोक्यात असेल तेव्हाच लागते. खुब्याला सहसा एक-दीड दिवस मिळतो, त्यामुळे पहिल्या उपायावरच भागण्याची शक्यता मोठी असते. पण गोळी शेवटची कधी घेतली हे कुणालाच सांगता आलं नाही, तर डॉक्टरांना महागड्या वाटेने जावं लागतं. म्हणून अशा प्रत्येक घरात औषधाच्या डब्याच्या झाकणावर गोळीचं नाव, डोस आणि वेळ चिकटवून ठेवावी. पावसाळ्यात कृष्णाकाठी राहणाऱ्यांनी पंधरा दिवसांची जादा पट्टी उंचावर ठेवावी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी किती दिवस राहिलं ते सांगलीकरांना सांगायला नको.

ऑपरेशननंतर

सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे गोळी परत सुरू करणं. बंद करायला सांगणारे तीन जण असतात, सुरू करायला सांगणारा एकही नसतो. डिस्चार्ज कार्डवर तीन ओळी लिहून घेतल्याशिवाय घरी जाऊ नका: कोणती गोळी, कोणत्या तारखेपासून, पहिला आयएनआर कधी. ॲसिट्रोम सहसा ऑपरेशनच्या दिवशी रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सुरू करतात, कारण तिचा असर यायला चार-पाच दिवस लागतात. नव्या गोळ्या लगेच चढतात, म्हणून छोट्या ऑपरेशननंतर एक दिवसाने आणि मोठ्या ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांनी.

गुडघा किंवा खुबा बदललेल्यांना, पूर्वी अशी कोणतीही गोळी नसली तरी, पायात गुठळी होऊ नये म्हणून काही आठवडे औषध लागतं. इथे एक स्वस्त वाट आहे. कॅनडातल्या ३,४२४ पेशंटवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिले पाच दिवस रिव्हारोक्सॅबॅन आणि नंतर साधं ॲस्पिरिन दिल्याने गुठळ्या वाढल्या नाहीत. पूर्वी गुठळी झालेली नसेल आणि कॅन्सर नसेल, तर सर्जनना हा पर्याय विचारा. महिन्याभराच्या गोळ्यांचा खर्च बराच उतरतो.

ॲसिट्रोम परत सुरू झाल्यावरचे पहिले दोन आठवडे लक्ष ठेवण्याचे. जेवण कमी, पोटात पेज आणि सूप, त्यात पोटाच्या ऑपरेशननंतर मेट्रोनिडॅझोल चालू. या तिन्हींनी आयएनआर एकदम चढतो. म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी तपासणी, मग स्थिर होईपर्यंत दर आठवड्याला, आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये. मेथी, पालक, शेपू, चाकवत बंद करायची नाही. आठवड्याला जेवढी खाता तेवढीच खात राहा. आमटीतली हळद चालते, हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल नाहीत. काढे आणि चूर्णं डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नकोत.

टाके दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा निमेसुलाइड आणू नका. पोटात रक्तस्राव होण्याची ती सरळ वाट आहे. पॅरासिटामॉल घ्या, तेही सांगितलं तेवढंच. डांबरासारखी काळी शौच, लघवीतून रक्त, टाक्याजवळ वाढत जाणारी सूज, नाकातून न थांबणारं रक्त, यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा आणि रक्तपेढी जवळ असलेल्या रुग्णालयातच जा. डोक्यावर पडलात तर वरून काही दिसत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून सीटी स्कॅनबद्दल विचारा. या गोळीवर असलेल्या माणसाच्या डोक्यात रक्त हळूहळूही साचू शकतं.